रमाबाईंची विद्यासाधना

आज खेड्यापाड्यांतील मुलीही पुस्तके घेऊन शाळेत जाताना दिसतात. त्या पुस्तकांत इंग्रजीचेही पुस्तक असते आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची स्थिती मात्र फार निराळी होती. मुलीच्या हाती पाटी-पेन्सिल दिली तर घरावर अरिष्ट ओढवते, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. मग परक्या राज्यकर्त्यांची भाषा तिने शिकावी, ही गोष्ट तर कोणाच्या स्वप्नातही येत नसे. अशा काळात घरच्या माणसांचा रोष सोसून एका स्त्रीने इंग्रजी भाषा आपलीशी केली. ती स्त्री म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर यांच्या घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरी त्यांचे नाव यमुना होते. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले होते. त्यांची विद्वत्ता सर्वश्रुत होती आणि सरकारी न्यायखात्यात त्यांचा मोठा मान होता. पती असा पंडित, तर पत्नीला अक्षराचीही ओळख नाही! हे अंतर रानड्यांना सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी लग्नानंतर लगेचच आपल्या पत्नीच्या हाती पाटी दिली आणि स्वतः तिला मुळाक्षरे गिरवायला शिकवले.

दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास, असा रमाबाईंचा क्रम सुरू झाला. प्रथम मराठी वाचन-लेखन पक्के झाले. 1878 साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. तेथे पुण्याच्या वाड्यातील मोठे कुटुंब बरोबर नव्हते. त्यामुळे अभ्यासाला निवांतपणा मिळाला आणि इंग्रजीचे धडे सुरू झाले. ज्या भाषेचा एक शब्दही लहानपणी कानी पडला नाही, जिचे लिहिणे वेगळे आणि उच्चार वेगळे, ती भाषा शिकणे सोपे नव्हते. तथापि रोज थोडे वाचावे, वाचलेल्याचा अर्थ सांगावा, चुकले तर पुन्हा वाचावे, या मार्गाने रमाबाई पुढे पुढे जात राहिल्या. नाशिकमध्येच त्यांना सभेत उभे राहून चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला. रानड्यांनी लिहून दिलेले छोटेसे भाषण त्यांनी तेथे वाचून दाखवले. बोलण्याची भीती अशी हळूहळू मोडत गेली.

पुढे पुण्यास परतल्यावर खरी कसोटी लागली. रमाबाईंना शिकवण्यासाठी एक इंग्रज बाई घरी येऊ लागल्या. नुसते पुस्तक वाचून भाषेचे उच्चार कळत नाहीत, ती ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याशी बोलल्यानेच जिभेला वळण लागते. रमाबाईंना हा लाभ मिळाला खरा, परंतु त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे शिक्षण मुळीच मान्य नव्हते. परधर्मी बाईशेजारी बसून शिकल्याने विटाळ होतो, असे त्या मानत. म्हणून धडा संपला की रमाबाईंना स्नान करावे लागे. स्वयंपाकघरात टोमणे ऐकू येत. पतीने सांगितले तरी सुनेने इतके ऐकू नये, असाही उपदेश त्यांना होत असे.

एकीकडे पतीची इच्छा, तर दुसरीकडे सासरच्या स्त्रियांचा राग! अशा वेळी दुसरी एखादी मुलगी एक तर भांडली असती, नाही तर पुस्तक मिटून बसली असती. रमाबाईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी वडील माणसांना उलट उत्तर दिले नाही, घरकामात कसूर केली नाही आणि धडाही चुकवला नाही. रागावणाऱ्या त्या स्त्रिया मनाने दुष्ट नव्हत्या. त्यांना स्वतःला कधी अक्षर गिरवू दिले गेले नव्हते, मग विद्येची गोडी त्यांना कशी ठाऊक असणार? रमाबाईंनी हे ओळखले होते म्हणूनच की काय, इतके सोसूनही त्यांच्या मनात कडवटपणा राहिला नाही.

लवकरच या अभ्यासाचे चीज झाले. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे, अशी मागणी करण्यासाठी मोठी सभा भरली. त्या सभेत इंग्रजीतील निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंवर सोपवण्यात आले. बड्या अधिकाऱ्यांनी आणि विद्वानांनी भरलेल्या त्या सभेत रमाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते निवेदन स्पष्ट वाचून दाखवले. घरी परतल्यावर मात्र कौतुकाऐवजी बोलणीच त्यांच्या वाट्याला आली. त्यांनी तीही मुकाट्याने ऐकून घेतली. पुढे 29 सप्टेंबर 1884 रोजी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ही शाळा आजही सर्वांना परिचित आहे.

भाषा कशी शिकावी, याचा धडा रमाबाईंना पतीच्या वागण्यातूनही मिळत असे. 1886 साली सरकारी कामासाठी रानडे कलकत्त्यास गेले, तेव्हा रमाबाई त्यांच्या सोबत होत्या. ज्या प्रांतात राहायचे तेथील भाषा आली पाहिजे, म्हणून रानड्यांनी बंगाली पुस्तके आणली. एके दिवशी हजामत करवून घेताना ते बंगाली पुस्तक वाचत होते आणि अडलेले शब्द चक्क न्हाव्याला विचारत होते! रमाबाईंना ते पाहून हसू आवरेना. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, त्यांत आपण या न्हाव्याची भर घातलीत, अशी थट्टाही त्यांनी केली. परंतु त्या थट्टेमागील अर्थ त्या जाणून होत्या. ज्याला शिकायचे आहे, त्याने विचारण्यात कमीपणा मानू नये. रमाबाई स्वतःही मग बंगाली वाचू लागल्या.

1901 साली न्यायमूर्ती रानडे निवर्तले. रमाबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला. तथापि पतीने दिलेले विद्येचे धन त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. 1909 साली पुण्यात सेवासदन ही संस्था सुरू झाली. तिच्याद्वारे त्यांनी शेकडो स्त्रियांच्या शिक्षणाची सोय केली. अनेक निराधार स्त्रिया तेथे शिकून शिक्षिका किंवा परिचारिका झाल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. 1910 साली रमाबाईंनी लिहिलेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी साहित्यात त्याला मानाचे स्थान आहे. 1924 साली त्यांचे निधन झाले.

अकराव्या वर्षी ज्या मुलीला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, तिने पुढे ग्रंथ लिहिला, इंग्रजी सभा जिंकली आणि इतरांसाठी विद्येची दारे उघडली. यामागे कोणतीही जादू नव्हती. रोजचा थोडा थोडा अभ्यास, चुकण्याची तयारी आणि कोणी काहीही म्हटले तरी न सोडलेली चिकाटी, एवढेच तिचे भांडवल होते. हे भांडवल जमवण्यासाठी पैसा लागत नाही. ज्याची इच्छा असेल, त्याला ते आजही मिळू शकते.