विश्लेषण : मालक प्रार्थनेला जायचा, घरी चाबूक चालवायचा... फ्रेडरिक डग्लस यांनी चर्चला जाब का विचारला?

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. १९२६ मध्ये त्याची सुरुवात एका आठवड्यापासून झाली. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी हा आठवडा निवडला तो दोन वाढदिवसांमुळे. १२ फेब्रुवारीला अब्राहम लिंकन यांचा आणि १४ फेब्रुवारीला फ्रेडरिक डग्लस यांचा. लिंकन आपल्याला शाळेपासून माहीत असतात. डग्लस मात्र बहुतेकांना नावापुरतेच ठाऊक असतात. गुलाम म्हणून जन्मलेले डग्लस पुढे त्या काळातील अमेरिकेचे नामांकित वक्ते, लेखक आणि संपादक झाले. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते, तरीही त्यांची सर्वांत धारदार टीका चर्चवरच होती. असे का, हे त्यांच्या आयुष्यातून समजून घेऊ.

डग्लस यांचे बालपण कसे गेले?

मेरीलँड राज्यातील टॅल्बट काउंटीत त्यांचा जन्म झाला. मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. गुलामांच्या मुलांना स्वतःची जन्मतारीख माहीत नसे. १४ फेब्रुवारी ही तारीख त्यांनी पुढे स्वतःच ठरवून घेतली. आई हॅरिएट दुसऱ्या शेतावर राबत होती. दिवसभराचे काम संपल्यावर सुमारे १२ मैल चालत ती रात्री मुलाला भेटायला येई आणि उजाडण्याआधी परत जाई. अशा भेटी चार-पाचच झाल्या आणि ती वारली. वडील गोरे होते, एवढेच त्यांच्या कानावर आले होते. सांभाळ आजीने केला.

साधारण आठव्या वर्षी त्यांना बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी धाडण्यात आले. ह्यू यांची पत्नी सोफिया घरात मोठ्याने बायबल वाचत असे. ते ऐकून या मुलाने, मलाही वाचायला शिकवा, अशी गळ घातली. सोफियाने अक्षरे शिकवायला सुरुवातही केली. ह्यू यांना हे कळताच त्यांनी शिकवणे बंद पाडले. वाचायला शिकलेला गुलाम गुलाम म्हणून उपयोगाचा राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मुलाने नीट ऐकून ठेवले. पुढे गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना घरातली पाव-भाकरी देऊन तो त्यांच्याकडून वाचायला शिकला.

मग त्यांच्या मनात श्रद्धा कुठून आली?

मालकाच्या घरातून नाही. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा ओढा देवाकडे वाढला. त्या वेळी त्यांना लॉसन नावाचे वयस्कर कृष्णवर्णीय भेटले. ते मालवाहू गाडी हाकत आणि उरलेला वेळ प्रार्थनेत घालवत. मुलाला अक्षरे वाचता येत होती आणि म्हाताऱ्याला त्यांचा अर्थ सांगता येत होता. दोघे मिळून बायबल वाचत. देवाने तुझ्यासाठी मोठे काम राखून ठेवले आहे, हे लॉसन यांनीच त्यांच्या मनावर बिंबवले. बाल्टिमोरच्या गटारांत पडलेली बायबलची सुटी पाने उचलायची, धुऊन वाळवायची आणि वाचायची, असा या मुलाचा नेम होता. लॉसन यांच्याकडे गेलास तर फटके मिळतील, अशी धमकी ह्यू यांनी दिली. तरी तो जात राहिला.

मालक धार्मिक झाला, तेव्हा काय बदलले?

डग्लस यांच्या आयुष्यातील हा कळीचा प्रसंग आहे. १८३३ मध्ये त्यांना बाल्टिमोरहून सेंट मायकल्स या गावी, ह्यू यांचे भाऊ थॉमस ऑल्ड यांच्याकडे परत पाठवण्यात आले. कायद्याने खरे मालक तेच होते. त्या काळात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे मोठे मेळावे भरत. उघड्या मैदानात तंबू ठोकून लोक अनेक दिवस प्रवचने ऐकत, पापांची कबुली देत. अशाच एका मेळाव्यात थॉमस यांचे मनपरिवर्तन झाल्याचे जाहीर झाले. आता मालक आपल्याला मुक्त करेल, निदान पोटभर जेवायला तरी देईल, अशी आशा डग्लस यांना वाटली.

घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली. धर्मोपदेशकांचे येणे-जाणे आणि पंगती वाढल्या. गुलामांची उपासमार मात्र तशीच राहिली आणि मारहाण आणखी वाढली. हेनी नावाची एक तरुणी लहानपणी भाजल्यामुळे हातांनी अधू होती. तिला बांधून चाबकाने फोडून काढताना थॉमस बायबलमधील वचनाचा दाखला देत. डग्लस यांनी काही कृष्णवर्णीय मुलांना बायबल वाचायला शिकवण्यासाठी रविवारची शाळा सुरू केली, तर गावातल्या चर्चमधील पुढाऱ्यांनीच काठ्या घेऊन ती मोडून काढली. त्यात थॉमसही होते.

पुढे १८३४ मध्ये त्यांना एडवर्ड कोवी या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी देण्यात आले. हट्टी गुलामांना वठणीवर आणणारा अशी त्याची ख्याती होती. तोही चर्चमधला मानाचा माणूस. सहा महिने मार खाल्ल्यावर डग्लस मालकाकडे दाद मागायला गेले. थॉमस यांनी त्यांना कोवीकडेच परत धाडले. त्यानंतर कोवीने हात उगारला तेव्हा १६ वर्षांच्या डग्लस यांनी उलट प्रतिकार केला. सुमारे दोन तास झटापट चालली. कोवीने पुन्हा कधी त्यांना मारले नाही.

गुलामगिरीला बायबलचा आधार कसा दिला जात होता?

गुलामगिरीचे समर्थक प्रामुख्याने तीन गोष्टी पुढे करत. पहिली, नोहाने आपला नातू कनान याला दिलेल्या शापाची कथा. हा शाप आफ्रिकी वंशाला लागू आहे, असे सांगितले जाई. मूळ कथेत कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. दुसरी, चाकरांनी धन्याची आज्ञा पाळावी, हा नव्या करारातील पत्रांमधला उपदेश. तिसरी, पौलाने अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवल्याची हकिकत. त्याला दास म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून स्वीकार, असे त्याच पत्रात लिहिले आहे, ते मात्र गाळले जाई.

चर्चची भूमिका सुरुवातीपासून अशीच होती असेही नाही. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७७४ मध्येच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. अमेरिकी मेथडिस्टांनी १७८४ मध्ये सदस्यांनी गुलामांना मुक्त करावे, असा नियमही केला. दक्षिणेतील सदस्यांचा विरोध होताच काही महिन्यांतच तो गुंडाळला गेला. पुढे कापसाच्या शेतीतील पैसा वाढत गेला, तसा प्रवचनांचा सूरही बदलला. अखेर १८४४-४५ मध्ये मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट हे दोन्ही पंथ याच प्रश्नावर उत्तर आणि दक्षिण असे फुटले.

सुटका झाल्यावर तरी चर्चमध्ये समान वागणूक मिळाली का?

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेशात, दुसऱ्याची कागदपत्रे खिशात ठेवून डग्लस रेल्वेत बसले आणि २४ तासांच्या आत न्यूयॉर्कला पोहोचले. बाल्टिमोरमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणी अ‍ॅना मरे यांनी पैशांची मदत केली होती. दोघांनी लग्न केले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी संसार थाटला. तिथेच त्यांनी डग्लस हे आडनाव घेतले.

या राज्यात गुलामगिरी नव्हती. डग्लस मोठ्या उमेदीने तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये गेले. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीत, आधी सगळ्या गोऱ्यांना वाटप झाले. ते आटोपल्यावर कोपऱ्यात थांबलेल्या कृष्णवर्णीयांना बोलावण्यात आले. डग्लस उठून बाहेर पडले आणि त्या चर्चमध्ये पुन्हा गेले नाहीत. भेदभावाला कंटाळून कृष्णवर्णीयांनीच स्थापन केलेल्या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चमध्ये ते सामील झाले. १८३९ मध्ये त्यांना तिथे प्रवचनाचा परवाना मिळाला. पुढे हजारोंच्या सभा गाजवणाऱ्या या वक्त्याची तालीम याच छोट्या चर्चमध्ये झाली.

आत्मचरित्रामुळे खळबळ का उडाली?

१८४१ पासून डग्लस गुलामगिरीविरोधी संस्थेचे वक्ते म्हणून गावोगाव फिरू लागले. इतके सफाईदार बोलणारा माणूस गुलाम होता, हे श्रोत्यांना खरे वाटेना. म्हणून १८४५ मध्ये त्यांनी मालकांची आणि गावांची खरी नावे देऊन आत्मचरित्र प्रसिद्ध केले. हा मोठा धोका होता, कारण कायद्याने ते अजून थॉमस यांची मालमत्ता होते.

पुस्तकातील चर्चवरची टीका वाचून लेखक धर्मद्वेष्टा आहे असा समज होऊ शकतो, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून शेवटी त्यांनी खास परिशिष्ट जोडले. त्याचा आशय असा की, येशूचा धर्म वेगळा आणि या देशातील गुलामांच्या मालकांचा धर्म वेगळा. पहिल्यावर प्रेम करायचे तर दुसऱ्याचा धिक्कार करावाच लागतो. त्यांची पुढची सगळी मांडणी याच पायावर उभी आहे.

स्कॉटलंडमधील देणगीचा वाद काय होता?

पकडले जाण्याच्या भीतीने ते १८४५ मध्ये ब्रिटनला गेले. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली स्थापन झालेल्या फ्री चर्चने अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे ३,००० पौंडांच्या देणग्या आणल्या होत्या. त्यात गुलामांच्या मालकांचाही पैसा होता. हा पैसा माणसे विकून आला आहे, तो परत करा, अशी मोहीम डग्लस आणि सहकाऱ्यांनी १८४६ मध्ये चालवली. सभा भरल्या, घोषणा रस्त्यांवर झळकल्या. पैसा काही परत गेला नाही. पण दानाचा पैसा कुठून येतो, हा प्रश्न चर्चला उघडपणे विचारला गेला.

त्याच वर्षी ब्रिटनमधील समर्थकांनी वर्गणी काढून १५० पौंडांना त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी ३ डिसेंबर १८४७ रोजी रॉचेस्टर शहरातून ‘द नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र सुरू केले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथील महिला हक्क परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांनी जाहीर पाठिंबा दिला.

५ जुलै १८५२ च्या भाषणात काय होते?

अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन ४ जुलैला असतो. रॉचेस्टरमधील महिलांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्यानिमित्त त्यांना भाषणाला बोलावले. ते दुसऱ्या दिवशी बोलले. ज्यांच्या पायात बेड्या आहेत त्यांना या सणाशी काय घेणे-देणे, हा त्यांचा सवाल होता. भाषणाचा मोठा भाग चर्चवर होता. पळालेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी १८५० मध्ये कडक कायदा आला होता. बहुतेक धर्मोपदेशक त्यावर गप्प होते, काही समर्थन करत होते. दलितांना न्याय नसेल तर देवाला तुमचे यज्ञ आणि सण नकोत, असे बायबलमधील यशया संदेष्ट्याने बजावले होते. डग्लस यांनी तोच धागा पकडला. चर्चने मनात आणले तर गुलामगिरी टिकूच शकत नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

नुसत्या प्रार्थनेवर त्यांचा विश्वास होता का?

यादवी युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांची भरती केली. त्यांचे दोन मुलगेही लष्करात गेले. कृष्णवर्णीय सैनिकांना समान वेतन मिळावे म्हणून ऑगस्ट १८६३ मध्ये ते लिंकन यांना भेटले. १८६५ मध्ये १३व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

१८७० मध्ये नवा वाद उभा राहिला. मुक्तीबद्दल केवळ देवाचे आभार मानण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. ज्या माणसांनी यासाठी छळ सोसला, त्यांचे आभार आधी मानायला हवेत, असे त्यांनी सांगितले. यावर फिलाडेल्फियातील काही कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी त्यांचा निषेध केला. ज्यांच्यासाठी लढले त्यांच्याकडूनच नास्तिकतेचा ठपका आला, तरी डग्लस मागे हटले नाहीत. देव न्याय करतो, पण माणसांच्या हातांनी, ही त्यांची धारणा होती.

जुन्या मालकाला ते पुन्हा भेटले का?

होय. १८७७ मध्ये. तेव्हा डग्लस राजधानी वॉशिंग्टनचे मार्शल होते आणि थॉमस ऑल्ड अंथरुणाला खिळले होते. दोघांनाही रडू आवरले नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही पळालो असतो, अशी कबुली थॉमस यांनी दिली. त्यांनी आजीला वाऱ्यावर सोडले, असा आरोप डग्लस यांनी पूर्वी जाहीरपणे केला होता. तो चुकीचा निघाल्याचे त्यांनी मान्य केले. आपला जन्म कधीचा, हेही त्यांनी विचारले. १८१८ चा फेब्रुवारी असावा, असे उत्तर मिळाले. साठीला टेकलेल्या माणसाला आपला जन्ममहिना जुन्या मालकाकडून कळला.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आहे. जन्मावरून माणसाला कमी लेखणाऱ्या व्यवस्थेला धर्मग्रंथांचा आधार कसा दिला जातो, हा फुले यांचाही प्रश्न होता. अमेरिकेतील त्या लढ्याकडे पुण्यातून बारकाईने पाहिले जात होते, याची ही अर्पणपत्रिका साक्ष देते.

पुढे काय झाले?

कायद्याने गुलामगिरी गेली, तरी दक्षिणेत जमावाकडून कृष्णवर्णीयांच्या हत्या सुरू राहिल्या. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी त्या उघडकीस आणल्या, तेव्हा पंचाहत्तरीकडे झुकलेले डग्लस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गुलामगिरीच्या बाजूने १८४५ मध्ये वेगळ्या झालेल्या सदर्न बाप्टिस्ट संघटनेने त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, म्हणजे १५० वर्षांनी.

डग्लस यांचे २० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टनमधील घरी निधन झाले. दिवसा ते महिलांच्या परिषदेला जाऊन आले होते. संध्याकाळी घराजवळच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये त्यांचे व्याख्यान ठरले होते.