फ्रेडरिक डग्लस आणि बुडालेल्या विश्वासाचा हिशेब

लोकांचा सरकारवरचा विश्वास उडत चालला, अशी ओरड जगभरचे विचारवंत करीत असतात. अमेरिकेत तर याची रीतसर मोजदाद होते. १९५८ साली तिथल्या पाहणीत चारातले जवळजवळ तीन लोक सरकारवर भरवसा असल्याचे सांगत होते. अलीकडे पाचातला एक मिळणेही मुश्कील झाले आहे. म्हणून १९५८ हा विश्वासाचा सुवर्णकाळ, असे हे पंडित मानतात. आम्हाला त्या सुवर्णकाळातले मिसिसिपी राज्य आठवते. तिथे पुढे १९६४ सालीही मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांत सातांचीसुद्धा नावे मतदारयादीत नव्हती. ज्याला मतच नाही त्याने सरकारवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? हा प्रश्न त्याच्याही शंभर वर्षे आधी एका माणसाच्या आयुष्याने विचारून ठेवला आहे. त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस.

मेरीलँड राज्यात १८१८ साली गुलाम आईच्या पोटी हा मुलगा जन्मला. जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. मालक जनावरांची नोंद ठेवी, तशीच माणसांची. आई दूरच्या शेतावर राबायला, त्यामुळे ती क्वचितच दिसे, वाढवले आजीने. बाल्टिमोरच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर नवऱ्याने तिला अडवले. शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, हे त्या मालकाला नीट ठाऊक होते. आपल्याकडे कुणाला ज्ञानबंदी का केली गेली, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगायला नको. पोराने मग गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून अक्षरे मिळवली. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा पोशाख घालून, दुसऱ्याचे कागद खिशात ठेवून तो आगगाडीत बसला आणि गुलामीच्या प्रदेशातून निसटला. या पळण्याला पैसा लावला तो ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईने. पुढे तीच त्यांची पत्नी झाली. थोरांच्या चरित्रात अशा बायकांना एक ओळ मिळते, आम्हीही इथे तेवढीच देत आहोत.

१८४५ साली डग्लस यांचे आत्मचरित्र निघाले, १८४७ साली त्यांनी स्वतःचे वर्तमानपत्र काढले. आणि इथेच त्यांचे आपल्या गुरूशी, विल्यम लॉइड गॅरिसन यांच्याशी बिनसले. गॅरिसन हे गुलामगिरीचे कट्टर शत्रू. पण अमेरिकेची राज्यघटनाच गुलाममालकांशी केलेला करार आहे, म्हणून मतदान नको, राजकारण नको, असे त्यांचे मत. १८५४ साली तर त्यांनी भर सभेत घटनेची प्रत जाळली. डग्लस यांनी १८५१ सालीच वेगळी वाट धरली होती. घटनेच्या मजकुरात गुलाम हा शब्द कुठेच नाही, तेव्हा तिचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूने लावता येतो आणि तो लावून घेण्यासाठी राजकारणात उतरले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. गोऱ्या हितचिंतकांना हे रुचले नाही. हितचिंतकांना शोषित माणूस व्यासपीठावर हवा असतो. तो स्वतः दिशा ठरवू लागला की ते बिथरतात.

यादवी युद्धात त्यांनी आपल्या लोकांना फौजेत भरती व्हायला सांगितले, स्वतःची दोन मुले पाठवली. पण गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर, काळ्याला दहा, आणि त्यातूनही तीन कपड्यांचे कापून! डग्लस यांनी भरतीचे काम थांबवले आणि ऑगस्ट १८६३ मध्ये थेट लिंकन यांची भेट घेतली. समान वेतनाचा कायदा झाला तो १८६४ साली. विश्वास ठेवला, पण जाब विचारून ठेवला.

नंतर १८६५ ते १८७० या काळात तीन घटनादुरुस्त्या झाल्या. गुलामी गेली, नागरिकत्व आले, पुरुषांना मत आले. याच सुमारास, १८७३ साली, इकडे पुण्यात क्रांतिबा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. जोतीरावांची नजर साता समुद्रांपलीकडे पोहोचली होती. पण ज्या मुक्तीचा त्यांनी गौरव केला, तिचे तिथे काय होत होते हे पाहायचे तर एका बँकेची गोष्ट सांगावी लागेल.

मार्च १८६५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांसाठी बचत बँक स्थापन झाली. कायदा संसदेचा, सही लिंकन यांची, आणि पुढे मुख्य इमारत वॉशिंग्टनमध्ये सरकारी खजिन्याच्या समोर. ही सरकारचीच बँक, असे लोकांना वाटावे याची सगळी तजवीज होती. प्रत्यक्षात सरकारची हमी एका पैचीही नव्हती. पाच सेंटसुद्धा ठेव म्हणून घेतले जात. धुणेवाल्या बायका, मजूर, फौजेतून परतलेले शिपाई यांनी पै पै जमा केली. १८७० साली नियम सैल करून त्या पैशातून कर्जे देण्याची मुभा मिळाली आणि मोठमोठ्या लोकांच्या मित्रांना कच्च्या तारणावर रकमा वाटल्या गेल्या. ठेवी काळ्यांच्या, कर्जे गोऱ्यांना. अर्थसमितीचा प्रमुख ज्या सावकारी पेढीच्या घराण्यातला, ती पेढी १८७३ साली बुडाली, बाजार कोसळला. मग मार्च १८७४ मध्ये डग्लस यांना बँकेचे अध्यक्ष केले. सगळे खाऊन झाल्यावर ताटावर आमच्या माणसाला बसवायचे, ही पद्धत आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे.

डग्लस यांनी विश्वासाने स्वतःचे दहा हजार डॉलर बँकेला उसने दिले. हिशेब पाहिल्यावर त्यांना खरे कळले आणि ते त्यांनी सिनेटच्या समितीला जाऊन सांगितले. जून १८७४ अखेर बँक बंद झाली. एकसष्ट हजारांहून अधिक ठेवीदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर काहींना रकमेचा काही भाग मिळाला, अनेकांना काहीच नाही. नाव मात्र डग्लस यांचे खराब झाले. पैशाबरोबर बचतीवरचा आणि माणसांवरचा विश्वासही बुडाला, असा निष्कर्ष पुढे ड्यू बॉईस यांनी काढला. याच ड्यू बॉईस यांच्याशी १९४६ साली बाबासाहेबांनी पत्रव्यवहार केला होता.

तीन वर्षांनी त्याहून मोठा घात झाला. १८७६ च्या निवडणुकीचा निकाल वादात पडला. हेस अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य बाजूला झाले. काळ्या मतदाराला गोऱ्या गुंडांच्या हवाली केले गेले. त्याच वर्षी, १८७७ मध्ये, हेस यांनी डग्लस यांना राजधानीचे मार्शल नेमले. त्या पदाबरोबर पाहुण्यांची अध्यक्षांशी ओळख करून देण्याचा मान येई, तेवढा काढून घेतला. डग्लस यांनी पद स्वीकारले आणि तक्रारही केली नाही. आम्ही डग्लस यांचे चाहते आहोत, तरी हे आम्हाला खटकते. समाजाचा सौदा होत असताना समाजाच्या नेत्याने खुर्ची घ्यावी का? ते पद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, म्हणून समाजाची मान उंचावली, हे खरे. त्या उंचावलेल्या मानेने दक्षिणेतल्या शेतमजुराचे मत वाचले नाही, हेही तितकेच खरे.

मात्र हा माणूस खुर्चीत कायमचा मुका झाला नाही. सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास बंदी घालणारा १८७५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली मोडीत काढला, तेव्हा आठवड्याभरात वॉशिंग्टनच्या निषेध सभेत ते उभे होते. १८८८ साली ते दक्षिणेत फिरून आले. कसणाऱ्याला रोख मजुरी नाही, मालकाच्याच दुकानातून चढ्या भावाने उधारी, वर्षाअखेर कर्जच शिल्लक, हे त्यांनी पाहिले. आणि ज्या मुक्तीचे उत्सव ते पंचवीस वर्षे साजरे करीत आले होते, त्याच मुक्तीच्या वार्षिक उत्सवात त्यांनी तिला फसवणूक ठरवले. वय सत्तर! राजकीय समता कागदावर आणि सामाजिक-आर्थिक विषमता जशीच्या तशी, या विसंगतीचा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीला दिला. डग्लस ती विसंगती जगत होते.

तरीही डग्लस यांनी मताचा हक्क सोडा असे कधी सांगितले नाही. १८४८ साली स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाला सेनेका फॉल्सच्या परिषदेत पाठिंबा देणारे ते तिथले एकमेव कृष्णवर्णीय होते. २० फेब्रुवारी १८९५ रोजी दिवसभर ते स्त्रियांच्याच एका परिषदेत बसले, संध्याकाळी घरी आले, आणि पत्नीला दिवसाचा वृत्तांत सांगत असतानाच कोसळले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतले काळ्या-गोऱ्यांचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. मताच्या हक्काला खरे संरक्षण देणारा कायदा यायला १९६५ साल उजाडावे लागले, आणि त्यातले एक मोठे कलम २०१३ साली त्याच न्यायालयाने निकामी केले. सरकारी खजिन्यासमोरच्या त्या जागेवर आज सरकारचीच इमारत आहे. २०१६ साली तिला त्या बुडालेल्या बँकेचे नाव देण्यात आले.