वि. का. राजवाडे : धर्मश्रद्धेचा आक्षेप आणि संशोधकाचा पुरावा

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या चरित्रात धर्मश्रद्धेला न रुचणारा मजकूर वाचकांपासून दूर ठेवण्याचा प्रश्न दोनदा उपस्थित होतो : प्रथम अनुवादक म्हणून आणि उत्तरायुष्यात ग्रंथकार म्हणून.

१८९० मध्ये बी. ए. झाल्यानंतर त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे ‘भाषांतर’ मासिक काढून प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा मराठी अनुवाद त्यांनी त्यातून प्रसिद्ध केला. देवांना हीनत्व आणणाऱ्या होमरच्या कथा नगररक्षकांच्या शिक्षणातून वगळाव्यात, असे प्रतिपादन या ग्रंथात आहे. मान्यताप्राप्त काव्य शिक्षणक्रमातून काढण्याची ही एक प्राचीन उपपत्ती होय.

राजवाडे यांची स्वतःची संशोधनदृष्टी मात्र याच्या विरुद्ध दिशेने घडत गेली. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध करताना अस्सल कागदाला त्यांनी प्रमाण मानले. १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व मानलेली प्रत त्यांनी छापली, ती रूढ पाठ बाजूस ठेवून. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला.

या दृष्टीची खरी कसोटी लागली ती ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या लेखनाने. स्त्रीपुरुषसंबंधांची आदिम अनिर्बंध अवस्था आणि तीतून विवाहाच्या नियमांचा क्रमशः झालेला उदय यांची मांडणी त्यांनी केली. त्याचे आरंभीचे प्रकरण १९२३ मध्ये पुण्याच्या ‘चित्रमय जगत्’मध्ये येताच सनातनी वाचकवर्ग प्रक्षुब्ध झाला आणि पुढील प्रकरणांना त्या मासिकाचे दार बंद झाले. कालांतराने हे लेखन ग्रंथरूपाने उपलब्ध झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. राजवाडे हे धर्मद्वेष्टे नव्हते. चातुर्वर्ण्याविषयीचा त्यांचा आदर त्यांच्या लेखनात सर्वत्र दिसतो. शिवाय त्यांचा पुरावा परकीय नव्हता. तो वैदिक वाङ्मय आणि महाभारत यांतूनच घेतलेला होता. पवित्र मानलेल्या ग्रंथांत जे आहे, तेच निबंधात आल्यावर असह्य ठरले. त्यांच्या काही व्युत्पत्ती व अनुमाने ओढूनताणून केलेली आहेत, हे मान्य करावयास हवे. परंतु त्यांचे खंडन करण्यासाठीही मूळ लेखन वाचकापुढे असावे लागते. आक्षेपकांनी अनुमान खोडून काढण्याऐवजी लेखनच थांबविले आणि त्यामुळे चिकित्सेची संधीही हिरावली गेली.

अखेरच्या काळात राजवाडे धुळ्यास राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी धुळ्यात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचे दप्तर जतन केले. ग्रंथ वगळण्यासाठी दरवेळी शासकीय आदेश लागतो असे नाही, संपादकाच्या मनातील धास्तीही तेवढ्यास पुरेशी होते, हे या चरित्रावरून दिसते. पाठ्यग्रंथांची निवड ज्यांच्या हाती असते, त्यांना राजवाडे यांच्या निष्कर्षांहून त्यांची पुराव्याशी असलेली निष्ठा अधिक मार्गदर्शक ठरावी.