अनवाणी विजेता

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात इथिओपिया हा उंच पठारांचा आणि खोल दऱ्यांचा एक प्राचीन देश आहे. या देशातील जातो नावाच्या लहानशा खेड्यात ७ ऑगस्ट १९३२ रोजी अबेबे बिकिला याचा जन्म झाला. त्याच दिवशी दूर अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरी, ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत होती. परंतु मेंढपाळाच्या त्या गरीब घरात ऑलिंपिकचे नावही कोणास ठाऊक नसावे.

अबेबेचे बालपण गुरेमेंढरे राखण्यात गेले. हॉकीसारखा एक देशी खेळ तेथील मुले आवडीने खेळत. या खेळाचे मैदान इतके विस्तीर्ण असे की, चेंडूमागे धावता धावता मुलांची चांगलीच दमछाक होई. डोंगरातील वाटा तुडवून आणि विरळ हवेत श्वास घेऊन अबेबेचे पाय व छाती नकळत बळकट होत गेली.

अबेबे तीन वर्षांचा असतानाच, १९३५ साली, इटलीने त्याच्या देशावर स्वारी केली. पुढे १९४१ पर्यंत इथिओपियावर इटलीचा अंमल होता. अक्सूम या पुरातन नगरीत सुमारे २४ मीटर उंचीचा एक भव्य दगडी स्तंभ होता. १९३७ साली विजेत्यांनी तो रोमला नेला आणि आपल्या विजयाची खूण म्हणून भर शहरात उभा केला. इथिओपियाच्या लोकांच्या मनात ही गोष्ट सदैव सलत राहिली.

तरुणपणी अबेबे राजधानी अदिस अबाबा येथे आला आणि सम्राट हेले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात शिपाई झाला. सैनिकांना व्यायामाचे शिक्षण देण्यासाठी ऑनी निस्कानेन हे स्वीडिश गृहस्थ तेथे आले होते. त्यांनी या सडपातळ, अबोल तरुणाचे गुण हेरले. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तेथील चढउतारांवर अबेबे रोज नेमाने धावू लागला. शक्ती जपून कशी वापरावी आणि पावले एकसारख्या लयीत कशी टाकावी, हे निस्कानेन यांनी त्याला शिकवले.

१९६० साली ऑलिंपिक सामने रोम येथे भरले. मॅरेथॉन ही त्यांतील सर्वांत खडतर शर्यत. तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. शर्यतीपूर्वी अबेबेने नवे बूट घालून पाहिले, पण ते त्याच्या पायांना नीट बसेनात. अनवाणी धावण्याचा सराव त्याला होताच. तेव्हा अनवाणीच धावावयाचे, असे त्याने ठरवले. निस्कानेन यांच्यासह त्याने शर्यतीचा मार्ग आधीच पाहून ठेवला होता. शेवट जवळ आला की अक्सूमचा तो स्तंभ लागतो, हे दोघांनीही हेरले होते. तेथूनच वेग वाढवावयाचा, असा त्यांचा बेत ठरला.

१० सप्टेंबर रोजी, ऊन उतरल्यावर शर्यत सुरू झाली. बूट न घालता आलेल्या या अपरिचित धावपटूकडे पाहून अनेकांना नवल वाटले. मोरोक्कोचा रादी हा प्रबळ प्रतिस्पर्धी होता. तो २६ क्रमांक लावून धावेल, अशी अबेबेची समजूत होती. प्रत्यक्षात रादीच्या अंगावर १८५ हा क्रमांक होता. त्यामुळे ज्याला तो पुढे शोधत होता, तोच कितीतरी वेळ त्याच्या शेजारी धावत होता! अंधार पडला. प्राचीन फरसबंदी रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली घेऊन उभे राहिले. त्या उजेडात दोघे धावपटू खांद्याला खांदा लावून पुढे जात होते.

अखेर अक्सूमचा स्तंभ आला. ठरल्याप्रमाणे अबेबेने वेग वाढवला. रादी मागे पडला. कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली अबेबेने शर्यत संपवली, तेव्हा २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद झाले होते. इतक्या कमी वेळात मॅरेथॉन तोवर कोणीही धावले नव्हते. इथिओपियाला ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिलेच सुवर्णपदक. ज्या नगरीतून एकेकाळी त्याच्या देशावर सैन्य चालून आले होते, त्याच नगरीत एका शिपायाने शस्त्र न उचलता देशाचे नाव उज्ज्वल केले. त्याच वर्षी आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. त्या साऱ्या खंडाला हा विजय आपलाच वाटला.

चार वर्षांनी टोकियो येथे ऑलिंपिक सामने भरले. त्यापूर्वी काही आठवडेच अबेबेवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. तो धावू शकेल की नाही, याचीच शंका होती. परंतु २१ ऑक्टोबर १९६४ रोजी, या वेळी बूट घालून, तो धावला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूपेक्षा चार मिनिटांहून अधिक वेळ आधी पोहोचला. शर्यत संपल्यावर हिरवळीवर तो शांतपणे व्यायाम करू लागला, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. ऑलिंपिकची मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच धावपटू ठरला.

त्यानंतर मात्र दैव फिरले. १९६८ साली मेक्सिकोमध्ये पायाच्या दुखापतीमुळे त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. ती शर्यत त्याचाच देशबंधू मामो वोल्डे याने जिंकली. पुढच्याच वर्षी, मार्च महिन्यातील एका रात्री, अबेबेची मोटार उलटली. प्राण वाचले, पण कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. ज्या पायांनी जग जिंकले, ते पाय आता एक पाऊलही टाकू शकत नव्हते.

इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात त्याच्यावर अनेक महिने उपचार झाले. तेथे अपंगांना खेळांच्या साहाय्याने पुन्हा उभारी देण्यात येई. अबेबेनेही चाकांच्या खुर्चीत बसून धनुष्य हाती घेतले. १९७० साली त्याने तेथील अपंगांच्या सामन्यांत तिरंदाजीत भाग घेतला. १९७१ साली नॉर्वे देशात बर्फावरील घसरगाडीची शर्यत त्याने जिंकली. ज्या प्रदेशात तो वाढला, तेथे असले बर्फ त्याने कधी पाहिलेही नव्हते! १९७२ साली म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये सन्माननीय पाहुणा म्हणून तो खुर्चीतून आला, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत केले.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, अबेबे बिकिलाचे निधन झाले. त्याच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले आणि स्वतः सम्राटही उपस्थित राहिले. रोममधील विजयाच्या वेळी त्याच्या पायांत बूट नव्हते; पुढे पायांतील बळही गेले. परंतु नेमाने सराव करावा, शांत चित्ताने संकटाला तोंड द्यावे आणि हाती उरलेल्या बळाचा पुरेपूर उपयोग करावा, ही त्याची वृत्ती अखेरपर्यंत ढळली नाही.

ज्या स्तंभापाशी त्याने रोममध्ये वेग वाढवला, तो इटलीने २००५ साली इथिओपियाला परत केला. २००८ साली अक्सूम येथे, आपल्या मूळ भूमीवर, तो पुन्हा उभा राहिला.