लेण्यांच्या भिंतींना बोलते करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

जगातील विलक्षण वास्तुशिल्पाची प्रार्थनास्थळे म्हटली की रोमचे पॅन्थिऑन, जावा बेटावरील बोरोबुदुरचा स्तूप, इथिओपियातील लालिबेला येथे खडकात कोरलेली चर्चे यांची नावे आपोआप ओठांवर येतात. निमगाव सावा ज्या तालुक्यात वसले आहे, त्या जुन्नर तालुक्याचे नाव या मालिकेत आपण क्वचितच घेतो. वास्तविक जुन्नर शहराभोवतीच्या शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. तुळजा लेण्यांतील चैत्यगृह तर वर्तुळाकार असून मध्यभागीच्या स्तूपाभोवती बारा अष्टकोनी स्तंभ उभे आहेत. तेथे दगडावर दगड रचलेला नाही. अखंड डोंगरातून नको तेवढा पाषाण काढून टाकला आणि उरले ते चैत्यगृह झाले. छिन्नीचा एक घाव चुकला तर उडालेला कपचा पुन्हा बसविता येत नाही, अशी ही कला.

ही लेणी कोणी कोरविली? पुष्कळ ठिकाणी लोक पांडवांचे नाव सांगत. खरे उत्तर लेण्यांच्या भिंतींवरच ब्राह्मी लिपीत कोरलेले होते. मात्र ती लिपी वाचण्याची विद्या शेकडो वर्षे लोपली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचे कोडे उलगडले. त्यानंतर पश्चिम भारतातील लेखांच्या वाचनासाठी ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे चरित्र आम्ही येथे विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली सौराष्ट्रातील जुनागढ येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. घरात संस्कृत आणि वैद्यकाची परंपरा होती. गावाजवळ गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा, महाक्षत्रप रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या काळचे लेख, असे तीन युगांचे लेखन एकत्र आहे. बालपणापासून त्या अक्षरांनी त्यांना ओढ लावली. प्रिन्सेप यांनी तयार केलेला वर्णमालेचा तक्ता त्यांच्या हाती आला आणि त्याच्या आधाराने ते स्वतःच ती लिपी शिकले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. ती शिळा हीच त्यांची पहिली पाटी ठरली.

त्यांची ख्याती मुंबईचे सुप्रसिद्ध वैद्य व संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापर्यंत पोहोचली. १८६१ साली भगवानलाल मुंबईस आले आणि पुढे सुमारे एक तप भाऊ दाजींच्या संशोधनाचे डोळे व हात बनून राहिले. डोंगरदऱ्या तुडवायच्या, उंच भिंतीवरील झिजलेली अक्षरे निरखायची, त्यांचे ठसे आणि नकला घ्यायच्या, हे त्यांचे नित्याचे काम होते. या भटकंतीत त्यांनी उत्तर भारत पाहिला आणि ते नेपाळपर्यंत गेले. १८७४ साली भाऊ दाजींचे निधन झाले आणि त्यांचा मोठा आधार तुटला. तरीही काम थांबले नाही.

इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व नव्हते. ते आपले विवेचन गुजरातीत लिहीत आणि जॉर्ज ब्यूलर यांच्यासारखे विद्वान त्याचे इंग्रजी भाषांतर करीत. नेपाळमधील लेखांवरील त्यांचे संशोधन याच मार्गाने जगापुढे आले. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. ग्रामीण भागात मराठीतून शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी धरावी.

आपल्या तालुक्याशी त्यांचे नाते दुहेरी आहे. नाणेघाटातील सातवाहन राणीच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत. त्यांवरून प्राचीन अंकचिन्हांचा उलगडा करण्यात भगवानलाल यांचा वाटा मोठा आहे. जेम्स बर्जेस यांच्यासह त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा जो संग्रह १८८१ साली प्रसिद्ध केला, त्यात जुन्नरचे लेखही आहेत. त्या लेखांतून दात्यांची एक मोठी पंगतच समोर येते. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा कल्याणचा सुलसदत्त हा सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा पुत्र होता. इरिल, चिट आणि चंद या यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या मानल्या जाणाऱ्या परदेशीयांनी, पाण्याची टाकी, भोजनमंडप अशी दाने दिली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि टाके दिले. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचीही नावे तेथे आहेत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याच्या दानाचा लेखही मानमोडीवर आहे. अमात्याचे दान आणि बुरुडांच्या श्रेणीचे नाव एकाच लिपीत नोंदले गेले.

१८८२ साली भगवानलाल यांनी नालासोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. आत पाषाणाची मोठी मंजूषा निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती होत्या. एकात एक ठेवलेल्या करंडकांत शेवटचा सोन्याचा होता. त्यात सुवर्णपुष्पे आणि मातीच्या भांड्याचे तुकडे होते. हे अवशेष बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे त्यांनी मानले. सोन्याच्या कुपीत मातीचे तुकडे जपणाऱ्या त्या श्रद्धेचे दर्शन जगाला प्रथम त्यांच्यामुळे घडले.

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना पन्नाशीही गाठता आली नव्हती. आयुष्यभर जमविलेली नाणी आणि शिलालेख त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिले. त्यांच्या काही वाचनांत पुढील विद्वानांनी दुरुस्त्या केल्या, परंतु त्या दुरुस्त्यांची पायवाट त्यांनीच पाडली होती.

भगवानलाल जन्माने बौद्ध नव्हते. तरीही धम्माला दान देणाऱ्या सामान्य माणसांची विस्मृतीत गेलेली नावे आपल्याला परत मिळाली, त्यात त्यांचे ऋण फार मोठे आहे. आज त्याच भिंतींवर कोणी खिळ्याने आपले नाव कोरतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचे एखादे अक्षर कायमचे पुसले जाते, आणि ते परत आणणारा दुसरा भगवानलाल मिळेलच असे नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी सहलीस जाताना हातात ब्राह्मी वर्णमालेचा तक्ता घ्यावा, लेण्याद्रीच्या चैत्यगृहासमोर उभे राहावे आणि सुलसदत्ताचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. या पंडिताला याहून योग्य अभिवादन आम्हांस सुचत नाही.