कर्मवीर आणि वहिनी

हल्ली महाविद्यालयांतून 'नेतृत्व विकास' आणि 'व्यक्तिमत्त्व विकास' अशा नावांची शिबिरे भरतात. सभेत कसे उभे राहावे, भाषण कसे करावे, हे तेथे शिकवले जाते. ते उपयोगाचे आहेच. पण कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र वाचल्यापासून मला वाटू लागले आहे, की पुढारीपणाचे पहिले धडे व्यासपीठावर मिळत नाहीत. ते चुलीपाशी, विहिरीवर आणि शेताच्या बांधावर मिळतात.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. स्वतः भाऊराव मात्र मॅट्रिकही होऊ शकले नाहीत. पुढे त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. किर्लोस्करांच्या कारखान्याचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. त्या घरात दारिद्र्य होते आणि त्याहून मोठे अज्ञान होते. हे अज्ञान नाहीसे झाल्याशिवाय नुसता लोखंडी नांगर काय करणार?

१९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या बोर्डिंगमध्ये नोकरचाकर नव्हते. दळण, पाणी, स्वयंपाक, झाडलोट, शेतातले काम, सारे मुलेच करीत. ज्याच्या हातची भाकरी खायची त्याची जात विचारून चालणार नव्हते. आजच्या भाषेत ज्याला आपण जीवनकौशल्ये म्हणतो ती तेथे रोजच्या पाळीतून अंगी येत होती. शिवाय घामाच्या मोबदल्यात शिकलेल्या मुलाला कोणाच्या उपकाराचे ओझे वाटत नव्हते. भाऊरावांची खरी थोरवी मला येथे दिसते. त्यांनी गरिबाच्या मुलाला दान दिले नाही, काम दिले.

मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी. वहिनी सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढल्या होत्या. तरीही त्यांनी सर्व जातींच्या मुलांना आईची माया दिली. बोर्डिंगसाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. भाऊराव बाहेरगावी असताना एकदा मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा व शिका' ही योजना घराघरांत माहीत झाली. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले. पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

मी आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. 'कमवा व शिका' योजनेत मी रोज दोन तास ग्रंथालयात पुस्तके लावते आणि त्या पैशातून खाणावळीचा काही भाग भागतो. पोरीला एवढे शिकवून काय करायचे, असे भावकीत अजून विचारतात. त्यांना उत्तर देताना माझा आवाज कापत नाही, कारण निदान माझ्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या कमाईची असते.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. गेल्या हिवाळ्यात मी एका शिबिराला गेले होते. तेथे स्वयंपाक मुलींकडे होता आणि गटप्रमुख सगळे मुलगे होते. रात्रीच्या सभेत समतेवर उत्तम भाषणे झाली. त्या वेळी आम्ही मुली भांडी घाशीत होतो. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये मुलगे भाकऱ्या थापत होते, मग आजच्या मुलग्यांना त्यात कमीपणा का वाटावा? आणि ज्या मुली पन्नास माणसांचे जेवण वेळेवर उरकतात त्यांना गट सांभाळता येणार नाही, असे का धरून चालावे?

कर्मवीरांच्या तसबिरीला हार आपण दरवर्षी घालतोच. यंदाच्या शिबिरात स्वयंपाकाच्या पाळीची यादी लागेल, तिच्यात मुलग्यांचीही नावे असावीत आणि गटप्रमुखांच्या यादीत मुलींचीही. एवढे झाले तरी अण्णांचे आणि वहिनींचे खरे स्मरण केल्यासारखे होईल.