गोणीपेक्षा हलका, पण जगाला भारी : जिमी वाइल्ड

जत्रेच्या फडात दोन मल्ल उतरले की आपण आधी अंगलट बघतो. कोण आडदांड, कोण किडकिडीत, यावरून निकाल ठरवून मोकळे होतो. वेल्सच्या जिमी वाइल्डने असे अंदाज वर्षानुवर्षे खोटे पाडले. सिमेंटची गोणी ५० किलोची. हा गडी त्याहून हलका, जेमतेम ४९ किलोचा आणि उंचीने पाच फूट दोन इंच.

जन्म १५ मे १८९२ चा. वडील कोळसा खाणीत कामाला. ऱ्होंडा खोऱ्यातील टायलर्सटाउन गावी तो वाढला आणि पोरवयातच खाणीत उतरला. मोठ्या माणसाचे अंग शिरणार नाही अशा अरुंद सांदीत हा शिरायचा आणि आडवे पडून कोळसा फोडायचा. हात आणि खांदे तिथेच कसले गेले.

त्या काळी तिकडच्या जत्रांत मुष्टियुद्धाचे तंबू लागत. गावातला कोणीही उठून तंबूतल्या गड्याशी दोन हात करी. सोळाव्या वर्षापासून जिमी अशा तंबूत लढू लागला. समोर दुप्पट वजनाचे खाणकामगार यायचे, हसत यायचे आणि आडवे व्हायचे.

पुढे सुमारे शंभर लढती त्याने हार पाहिली नाही. जानेवारी १९१५ मध्ये आजारी असताना तो रिंगणात उतरला आणि स्कॉटलंडच्या टॅन्सी लीकडून सतराव्या फेरीत हरला. पण १९१६ मध्ये त्याच लीला अकराव्या फेरीत लोळवून त्याने उट्टे काढले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला लंडनमध्ये अमेरिकेच्या यंग झुलू किडला हरवून तो फ्लायवेट गटाचा जगज्जेता झाला. हा गट म्हणजे सुमारे ५१ किलोच्या आतला.

१९२१ मध्ये मात्र घोटाळा झाला. समोरचा पीट हर्मन वजनाने बराच जास्त. जिमी लढायला तयार नव्हता, पण युवराज बघायला आलेले, त्यामुळे शब्द मोडवेना. सतराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली.

यानंतर दोन वर्षे तो रिंगणाबाहेरच होता. १९२३ मध्ये मोठ्या रकमेच्या बोलीवर तो न्यूयॉर्कला गेला. समोर फिलिपिन्सचा पांचो व्हिला, वय २१. जिमी ३१ वर्षांचा. दुसऱ्या फेरीची घंटा झाल्यावर बसलेल्या ठोशाने तो कोसळला. तरी उठून लढत राहिला. सातव्या फेरीत सारे संपले. विजेतेपद गेले ते गेलेच, पुन्हा तो लढला नाही.

म्हातारपण कष्टी गेले. १९६५ मध्ये कार्डिफ स्टेशनवर चोरट्यांनी त्याला मारहाण केली, त्यातून तो सावरला नाही. १० मार्च १९६९ रोजी त्याचे निधन झाले.

बांधा बघून माणसाची किंमत करू नये, हे त्याने जगाला दाखवले. आणि थांबायचे कधी, हे ज्याचे त्यानेच ओळखावे लागते, हेही त्याच्याच आयुष्यातून शिकावे.